मधुमेहात जठर मंदावतं तेव्हा: ओळखायचं कसं, खायचं काय, विचारायचं काय

दुपारी एकला खाल्लेली भेंडीची भाजी रात्री नऊला उलटीत जशीच्या तशी दिसते. मधल्या आठ तासांत भूक लागलेली नसते, पोट तट्ट असतं, ढेकरांना जेवणाचाच वास येत असतो. घरचे म्हणतात, पित्त झालंय. कोपऱ्यावरचा केमिस्ट सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची गोळी देतो. आठवडाभर बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत पित्ताच्या पुढे जाऊन एक प्रश्न विचारायला हवा: जठर वेळेवर रिकामं होतंय का?

मधुमेहाने नसा खराब होतात हे तळपायांच्या मुंग्यांमुळे बहुतेकांना ठाऊक असतं. जठराला चालवणाऱ्या नसाही तशाच खराब होऊ शकतात. मग वाटेत कुठे गाठ नाही, अडथळा नाही, तरी अन्न तासन् तास जठरातच पडून राहतं. डॉक्टर याला गॅस्ट्रोपरेसिस म्हणतात. १९५८ साली कॅसँडर नावाच्या डॉक्टरांनी मधुमेहींमधल्या या प्रकाराला हे नाव दिलं.

या आजाराची खोच अशी की मधुमेहाचं एरवीचं उत्तम पथ्य इथे अंगावर येतं. कच्ची कोशिंबीर, मोड आलेली कडधान्यं, कोंड्यासकट भाकरी, सकाळी भिजवलेल्या मेथ्या, रात्री इसबगोल, हे सगळं जो इमानेइतबारे करतो त्याचंच पोट जास्त फुगतं. तो बिचारा आणखी कडक पथ्य करतो आणि आणखी आजारी पडतो. म्हणून आधी निदान, मग ताटात बदल, असा क्रम धरा.

आत नेमकं काय बिघडतं

निरोगी जठराचा वरचा भाग जेवताना सैल पडतो आणि अन्नाला जागा करून देतो. खालचा भाग पाट्यावर वाटण वाटावं तसं ते अन्न घुसळून बारीक करतो. या भागात मिनिटाला साधारण तीन लाटा उठतात आणि त्यांचा ठेका जठराच्या भिंतीतल्या काहाल पेशी धरतात. अन्नाचे कण एक-दोन मिलिमीटरइतके बारीक झाले की जठराचं खालचं दार त्यांना थोडे थोडे आतड्यात सोडतं. या सगळ्यावर मेंदूपासून निघालेल्या व्हेगस नसेची देखरेख असते.

वर्षानुवर्षं शुगर चढी राहिली की ही नस दुबळी होते, काहाल पेशी कमी होतात, ठेका बिघडतो. वरचा भाग नीट सैल पडत नाही म्हणून चार घासांत पोट भरतं. खालचा भाग नीट वाटत नाही म्हणून अन्न अडतं. पातळ पदार्थांना मात्र वाटून घ्यायची गरज नसते, त्यामुळे ते बरेचदा बऱ्यापैकी पुढे सरकतात. पुढे आहाराबद्दल जे लिहिलं आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आणखी एक गुंता आहे. नसा धडधाकट असल्या तरी त्या वेळी शुगर खूप चढलेली असेल तर जठर तात्पुरतं मंदावतं. म्हणजे शुगर चढली की जठर सुस्त, जठर सुस्त झालं की अन्न कधी शोषलं जाईल याचा भरवसा नाही, आणि भरवसा नसला की शुगर आणखी बिघडते. यातला नसांचा भाग सहसा मागे फिरत नाही. शुगरचा भाग हातात असतो.

हे किती जणांना होतं? अमेरिकेत मिनेसोटातल्या ओल्मस्टेड काउंटीतल्या पाहणीत दहा वर्षांच्या काळात टाइप १ च्या सुमारे ५ टक्के आणि टाइप २ च्या सुमारे १ टक्का रुग्णांना हा आजार झालेला आढळला. मधुमेह नसलेल्यांत हे प्रमाण ०.२ टक्के होतं. म्हणजे मधुमेह झाला की हे होणारच, असं अजिबात नाही. पण आपल्याकडे टाइप २ चे रुग्ण इतके आहेत की एक टक्काही थोडाथोडका नव्हे.

पहिली पायरी: दोन आठवडे वही लिहा

डॉक्टरांपुढे बसल्यावर ‘पोट साफ नाही, गॅस होतो’ एवढंच तोंडातून निघतं. त्यातून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा एक साधी वही करा. किती वाजता काय खाल्लं, किती घासांत पोट भरलं, मळमळ किंवा उलटी झाली का, उलटीत कधीचं अन्न होतं, इन्सुलिन किंवा गोळी किती वाजता घेतली आणि शुगर किती होती, हे सगळं त्यात हवं. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर वजन.

यातली शुगरची नोंद सगळ्यात बोलकी ठरते. समजा, वहीत असं दिसलं: दुपारी १ वाजता इन्सुलिन घेऊन जेवण. अडीच वाजता घाम, थरथर, शुगर ६४. साखर खाल्ली, बरं वाटलं. त्यानंतर काही न खाता साडेसहाला शुगर २७०. घरचे विचारतात, ‘चोरून काय खाल्लं?’ काहीच नाही. इन्सुलिन वेळेवर कामाला लागलं, अन्न मात्र जठरातच होतं, म्हणून आधी शुगर पडली. संध्याकाळी अन्न आतड्यात उतरलं तेव्हा इन्सुलिन ओसरलेलं होतं, म्हणून चढली. हा नमुना पुन्हा पुन्हा दिसत असेल तर एकही उलटी झालेली नसली तरी जठराची चौकशी करावी. काही जणांत हेच पहिलं लक्षण असतं.

सोबतीच्या खुणाही लिहा. पायांची आग किंवा बधिरपणा, उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, लघवी तुंबणं, पुरुषांमध्ये लैंगिक अडचण, डोळ्यांच्या पडद्याला लेझर करावं लागणं, जेवताना चेहऱ्याला नको इतका घाम. यांतल्या दोन-तीन असतील तर जठराच्या नसांवरचा संशय बळावतो.

पुढच्या गोष्टी मात्र वहीत लिहीत बसायच्या नाहीत, तडक हॉस्पिटल गाठायचं: उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही, डांबरासारखी काळी शी, पोटात असह्य दुखणं, घास गिळताना अडकणं, पाण्याचा घोटही न टिकणं, लघवी अगदी कमी होणं, गुंगी. मळमळीबरोबर घाम, धाप, छातीत किंवा जबड्यात दडपण असेल तर आधी ईसीजी. मधुमेहात हृदयाच्या नसाही बधिर झालेल्या असू शकतात आणि हार्ट अटॅक नुसत्या मळमळीच्या रूपात येऊ शकतो. त्याला ‘गॅस’ म्हणून सोडा पाजत बसण्यात मोलाचा वेळ जातो. टाइप १ मध्ये उलट्या, पोटदुखी आणि जोरजोराचा श्वास म्हणजे कीटोॲसिडोसिसची (इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचण्याची) शंका.

दुसरी पायरी: औषधांची पिशवी ओता

तपासण्यांच्या आधी हे करा, कारण कित्येकदा दोषी पिशवीतच सापडतो. घरात चालू असलेली प्रत्येक पट्टी, चूर्ण, काढा टेबलावर ओतून डॉक्टरांना दाखवा.

सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड या औषधांच्या कामाचाच एक भाग जठर मंद करणं हा आहे. २०२५ पासून भारतात मिळू लागलेलं टिर्झेपटाइडही त्याच वाटेचं. वजन आणि शुगर दोन्ही उतरतात म्हणून ही इंजेक्शनं आता बऱ्याच घरांत आहेत. ज्याचं जठर आधीच सुस्त आहे त्याच्यासाठी ती अडचणीची ठरू शकतात. पोटदुखीवर मिळणारी डायसायक्लोमिन, खोकल्याचं कोडीन, गुडघेदुखीची ट्रॅमाडॉल, ही सगळी जठर आणि आतडी मंदावतात. गंमत म्हणजे पायांच्या आगीसाठी जी ॲमिट्रिप्टिलिन देतात तीही त्यातलीच. नसांच्या एका दुखण्याचं औषध नसांचंच दुसरं दुखणं वाढवतं.

मेटफॉर्मिनने मळमळ आणि जुलाब होतात, पण ते वेगळ्या कारणाने. डोस बदलून किंवा हळू विरघळणारी गोळी घेऊन बरेचदा भागतं. व्होग्लिबोज आणि अकार्बोजने गॅस होतो. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्यांचा जठराच्या वेगावर फारसा परिणाम होत नाही. यातलं काहीही मनाने बंद करू नका. ‘हे पोटाला मंद करतं का, आणि याला पर्याय आहे का?’ एवढं विचारा.

तिसरी पायरी: तपासण्या

रक्ताच्या तपासणीत थायरॉईड, किडनी, क्षार, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि एचबीए१सी. टाइप १ असेल तर सीलिॲक आजाराची (यात गहू सोसत नाही) तपासणीही करून घ्यावी, कारण हे दोन आजार जोडीने येतात. त्यानंतर दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी. अल्सर, गाठ किंवा दार अरुंद होणं नाही ना, हे आधी पाहावंच लागतं. रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न दिसलं तर तो मोठा पुरावा. पण एंडोस्कोपी नॉर्मल आली म्हणून हा आजार नाही, असं होत नाही. भिंत छान दिसते, तिची हालचाल दुर्बिणीत मोजता येत नाही.

हालचाल मोजण्याची मुख्य तपासणी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात होते. अत्यल्प किरणोत्सारी टेक्नेशियम मिसळलेलं हलकं जेवण देतात. परदेशी पद्धतीत अंड्याचा पांढरा बलक, ब्रेड आणि जॅम. आपल्याकडे काही ठिकाणी इडली देतात. मग जेवल्या जेवल्या, एक, दोन आणि चार तासांनी कॅमेऱ्यासमोर फोटो काढतात. दोन तासांनी ६० टक्क्यांहून जास्त किंवा चार तासांनी १० टक्क्यांहून जास्त अन्न जठरात असेल तर ते मंदावलेलं धरतात.

इथे काही गोष्टी आधी फोनवर विचारून ठेवा. तपासणी पूर्ण चार तासांची आहे ना? तास-दीड तासात उरकलेली तपासणी फसवू शकते. जठराच्या वेगावर परिणाम करणारी औषधं दोन-तीन दिवस आधी थांबवायची का? त्या सकाळी इन्सुलिन किती? आणि तिथे पोचल्यावर शुगर बघतील का? २७५ च्या वर शुगर असेल तर तपासणी पुढे ढकललेली बरी, नाहीतर चढलेल्या शुगरमुळे मंदावलेलं जठर नसांच्या खाती जमा होईल. विडी, सिगारेट, तंबाखू त्या दिवशी नाही.

रिपोर्टमधला आकडा आणि त्रास यांचा मेळ नेहमी बसत नाही, हेही सांगून ठेवतो. आकडा वाईट आणि माणूस ठणठणीत, किंवा याच्या उलट, दोन्ही घडतं.

चौथी पायरी: ताट बदला

दिवसाचं जेवण पाच-सहा छोट्या वाट्यांत विभागा. अन्न मऊ किंवा पातळ करा. तेल-तूप आणि चोथा दोन्ही कमी करा. तुपा-तेलाने जठर आणखी रेंगाळतं. चोथा वाटला जात नाही, आणि जठरात साचून त्याचा घट्ट गोळा होऊ शकतो. असा गोळा कधी कधी दुर्बिणीने फोडून काढावा लागतो.

घन पदार्थ बंद करायचे असं नाही, ते आधीच बारीक करून द्यायचे. स्वीडनमध्ये मधुमेही रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात बारीक कणांच्या आहाराने मळमळ, उलटी आणि पोट फुगणं कमी झालेलं दिसलं. शिजलेला पदार्थ काट्याने दाबल्यावर उकडलेल्या बटाट्यासारखा सहज कुस्करला जातो का, ही घरच्या घरी करायची परीक्षा. कुस्करला जात नसेल तर मिक्सर, आणि मिक्सरनंतरही रेषा किंवा सालं उरत असतील तर गाळणी.

आपल्या स्वयंपाकघरात यासाठी भरपूर काही आहे. आजारपणात आजी जे द्यायची ते जवळपास सगळं चालतं. मुगाच्या सालरहित डाळीचं कढण, मऊ भात आणि घोटलेलं वरण, मेतकूट-भात, तांदळाची उकड, इडली, गाळलेलं नाचणीचं आंबील, ताक, घट्ट दही. कोकणातली आणि गोव्यातली पेज. दुधी, लाल भोपळा, गाजर, साल काढलेला दोडका शिजवून, घोटून. अंडं मऊ उकडून किंवा दुधात फेटून पातळसर शिजवून. वाफवलेला पापलेट काटे काढून कुस्करला की प्रथिनांची सोय होते. चिकन खायचं असेल तर खिमा अगदी मऊ शिजवून, सुपात घोटून. फळांत पिकलेलं केळं, पपई, साल काढून शिजवलेलं सफरचंद.

आता काय बाजूला ठेवायचं. शेवग्याच्या शेंगा, मक्याचं कणीस, कच्चा कोबी, पालेभाज्यांचे देठ, मोसंबी-संत्र्याचा चोथा, पेरूच्या बिया, आख्खे चणे-वाटाणे-मटकी, शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे. ज्वारी-बाजरीची भाकरी सोडणं अनेकांना जिवावर येतं. त्रास कमी असलेल्या दिवशी पातळ, ताजी चतकोर भाकरी आमटीत किंवा दुधात चांगली भिजवून कुस्करून खाऊन बघावी. पोटाने खपवून घेतली तर ठीक. मिसळ, भजी, तर्रीचा रस्सा, साजूक तुपात बुडालेली पुरणपोळी हे या पोटाला जड जाणारच. उपवासाची साबुदाणा खिचडी म्हणजे तेल, दाण्याचं कूट आणि चिकट साबुदाणा एकत्र. हलकं म्हणून खाल्लेलं हे ताट संध्याकाळपर्यंत हलत नाही. देवाला चालेल, उपवास सोडा.

‘पण भात-पेज म्हटलं की शुगर वाढणार!’ ही शंका रास्त आहे. त्यासाठी वाटी लहान ठेवायची, सोबत डाळ, दही, अंडं किंवा मासा घ्यायचा आणि औषधाची वेळ जुळवून घ्यायची, ज्याबद्दल पुढे येतंच आहे. पोटात अडकून सहा तासांनी अवेळी चढणाऱ्या शुगरपेक्षा वेळेवर थोडी चढणारी शुगर सांभाळायला सोपी.

खाण्याच्या रीतीला पदार्थांइतकंच महत्त्व आहे. ताठ बसून, सावकाश, बारीक चावून खावं. त्यासाठी दात हवेत. हलणारी दाढ, न बसणारी कवळी आधी दुरुस्त करून घ्या. या आजारात दंतवैद्याकडे जाणं हा उपचाराचाच भाग आहे, हे फार कोणी सांगत नाही. पाणी घोट घोट घ्यावं, जेवताना तांब्याभर पाणी पिऊन जागा अडवू नये. सोडा, कोल्ड्रिंक, दारू, तंबाखू, मिश्री बंद. जेवणानंतर आडवं न होता घरातल्या घरात दहा-पंधरा मिनिटं चालावं. शेवटचं खाणं झोपेच्या दोन-तीन तास आधी. सकाळी पोट जास्त मोकळं असतं, म्हणून घन पदार्थ दिवसाच्या पहिल्या भागात आणि संध्याकाळनंतर पातळ, हा बेत बहुतेकांना मानवतो.

त्रास उसळला की एक-दोन दिवस फक्त पातळ द्रवांवर यावं: ओआरएस, भाताची पाणीदार पेज, डाळीचं पाणी, गाळलेलं सूप, थोडं थोडं दर पंधरा-वीस मिनिटांनी. ते टिकलं की ताक, कढण, घोटलेली सुपं. तेही टिकलं की मऊ भात-वरण. घाई केली की पुन्हा पातळ द्रवांवर यावं लागतं. किडनीही बिघडलेली असेल तर डाळ, केळं, सूप यांचं प्रमाण ठरवायला आहारतज्ज्ञ लागेलच. तिथे दोन पथ्यं एकमेकांच्या आड येतात.

चोथा कमी केला की बद्धकोष्ठता वाढते, आणि खालचं आतडं तुंबलं की जठर आणखी सुस्तावतं. त्यावर इसबगोल नको. पाण्यात विरघळणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा डॉक्टर सुचवतील ते औषध बरं. वजन सतत उतरत असेल किंवा महिनोन् महिने पातळ आहार चालू असेल तर बी-१२, लोह आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ कडे जास्तच लक्ष द्यावं.

पाचवी पायरी: शुगर आणि इन्सुलिनची वेळ

हा भाग डॉक्टरांशिवाय करायचा नाही. पण काय विचारायचं ते ठाऊक असलं की संभाषण लवकर मुद्द्यावर येतं.

जेवणाआधी घ्यायचं झटपट इन्सुलिन या आजारात धोक्याचं ठरू शकतं, कारण अन्न मागे राहतं. ते जेवणानंतर घ्यावं का, डोस दोन भागांत घ्यावा का, किंवा थोडं सावकाश चालणारं साधं रेग्युलर इन्सुलिन जास्त जुळेल का, हे विचारा. सकाळ-संध्याकाळचं ३०/७० मिश्रण घेणाऱ्यांची पंचाईत होते. त्यात झटपट आणि लांबचा भाग एकत्र असल्याने फक्त एकाची वेळ हलवता येत नाही. दंडावर चिकटवायचा, सतत शुगर मोजणारा सेन्सर परवडत असेल तर निदान दोन आठवडे लावून बघा. अन्न कधी उतरतंय हे त्या रेषेत डोळ्यांना दिसतं, आणि बोटाला सतत टोचण्यातून सुटका होते.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्यांवरही हेच संकट आहे. गोळीने इन्सुलिन सुटत राहतं आणि जेवण मात्र जठरात.

शुगर ७० च्या खाली गेली तर तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर थोड्याशा पाण्यात. पेढा, बिस्किट, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशाने उशीर होतो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर घरातली साखर लवकर उपयोगी पडत नाही, तिथे ग्लुकोजच हवं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, गरज पडली तर पुन्हा द्या. या रुग्णांत शुगर वर यायला नेहमीपेक्षा वेळ लागू शकतो, म्हणून एकटं सोडू नका. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. १०८ ला फोन करायचा, आणि घरात ग्लुकागॉन (शुगर वर आणणारं औषध) असेल तर ते द्यायचं.

उलट्या चालू असतानाचे नियम आधीच कागदावर लिहून फ्रिजवर लावा. टाइप १ मध्ये जेवण होत नाही म्हणून लांब पल्ल्याचं इन्सुलिन बंद करायचं नसतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या मात्र थांबवायच्या, कारण अशा वेळी शुगर फार चढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. अंगातलं पाणी कमी होत असेल तर मेटफॉर्मिनही थांबवतात.

चढलेली शुगर खाली आणायची, पण एका झपाट्यात नाही. बऱ्याच वर्षांची वाढलेली शुगर अचानक खूप उतरवली तर डोळ्यांचा पडदा आणि नसांचं दुखणं काही काळ बिघडू शकतं.

सहावी पायरी: औषधं, आणि त्यांची मुदत

इथे आपल्याकडे सगळ्यात मोठा घोळ होतो. ‘गॅसची गोळी’ म्हणून वर्षानुवर्षं घेतल्या जाणाऱ्या कॅप्सूलची पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या पुढे ‘आणि’ म्हणून दुसरं नाव असेल: डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड. पहिलं औषध आम्ल कमी करतं, जठर रिकामं करत नाही. दुसरं जठराला हलवतं, पण ते गंमत म्हणून रोज घ्यायचं औषध नाही.

डोम्पेरिडोन साधारण १० मिलिग्रॅम, जेवणाआधी अर्धा तास, दिवसातून तीनदा असं देतात. ते हृदयाच्या ठोक्यांत गडबड करू शकतं, म्हणून सुरू करण्याआधी ईसीजी हवा. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल यांच्याबरोबर ते नको.

मेटोक्लोप्रामाइड हे जुनं आणि गुणाचं औषध. पण चेहरा, जीभ, ओठ यांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली मागे ठेवून जाऊ शकतं आणि त्या कधी कधी कायमच्या राहतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली याबद्दल ठळक इशारा छापायला लावला आणि वापर बारा आठवड्यांपुढे टाळायला सांगितला. युरोपने २०१३ मध्ये तर पाच दिवसांचीच मर्यादा घातली.

लेव्होसल्पिराइड आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. वयस्कर माणसाचे हात थरथरायला लागतात, चालणं आखूड पावलांचं होतं, चेहऱ्यावरचे भाव ओसरतात. घरच्यांना वाटतं वय झालं, नाहीतर पार्किन्सन लागला. मग त्याच्यावर वेगळी गोळी सुरू होते आणि मूळ कॅप्सूल चालूच राहते. असं काही दिसलं तर पहिला प्रश्न त्या कॅप्सूलचा विचारा. बायकांमध्ये पाळी थांबणं किंवा छातीतून दूध येणं हेही या औषधांनी होतं.

कमी मात्रेतलं एरिथ्रोमायसिन जठराला जोराने हलवतं, पण काही आठवड्यांत त्याचा असर ओसरतो. ते अडीअडचणीचं औषध. इटोप्राइड, मोसाप्राइड, प्रुकॅलोप्राइड हे पर्याय डॉक्टर रुग्ण बघून वापरतात. ऑन्डॅनसेट्रॉनने मळमळ थांबते, जठर रिकामं होत नाही आणि शी घट्ट होते. प्रत्येक नव्या गोळीच्या वेळी विचारा: किती दिवसांसाठी? उत्तर ‘चालू ठेवा’ असं आलं तर तारीख मागून घ्या.

एवढं करूनही वजन घटत राहिलं, सारखं ॲडमिट व्हावं लागलं, तर मोठ्या शहरातल्या पोटविकारतज्ज्ञाकडे जायची वेळ झाली. जठराला वळसा घालून आतड्यात नळीने अन्न देता येतं. २०१३ पासून दुर्बिणीतूनच जठराच्या दाराचा स्नायू कापून ते सैल करण्याची जी-पोएम ही पद्धत आली आणि ती भारतातही होते. जठराला विजेचे हलके झटके देणारं यंत्र बसवणं हा आणखी एक मार्ग, फार थोड्यांसाठी. यातलं काहीच सगळ्यांना लागू पडत नाही.

जठराच्या वर आणि खाली

त्याच नसा अन्ननलिकेला आणि आतड्यांनाही चालवतात. जळजळ, घास हळू उतरणं, जुनाट बद्धकोष्ठता आणि तिच्याशी आलटूनपालटून जुलाब, हे सगळं त्या खात्यात मोडतं. रात्री झोपेतून उठवणारे, न दुखता होणारे पाण्यासारखे जुलाब ही मधुमेही नसांची एक ओळखीची तऱ्हा आहे. लहान आतड्यात जंतू वाढल्यानेही तसं होतं आणि त्यावर औषध आहे. कपडे खराब होतात हे सांगायला माणसं लाजतात आणि बाहेर जाणंच सोडतात. डॉक्टरांनी हे शेकडो वेळा ऐकलेलं असतं, सरळ सांगावं.

एक शेवटचं. मोतीबिंदूपासून गुडघ्यापर्यंत कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना आपणहून सांगा की जठर उशिरा रिकामं होतं, आणि वर लिहिलेल्या इंजेक्शनांपैकी काही चालू असेल तर तेही सांगा. रात्री बारानंतर उपाशी राहिलात तरी पोटात अन्न असू शकतं, आणि भुलेत ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. कळवलं असेल तर ते आदल्या दिवशी पातळ आहार सांगतात किंवा भुलेची पद्धत बदलतात. ही ओळ फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा.